पी.पी. नंबर

"तोंडापासून लांब धर. वाफ लागते त्याला."

काकू खिडकीच्या आत. मी बाहेर. मधात लोखंडी गज. फोनचा डबा आतल्या फळीवर ठेवलेला अन् रिसीव्हर तेवढा गजातून बाहेर काढून दिलेला. त्याची वेटोळ्याची वायर ताणून ताणून सरळ झालेली. मले गजाले गाल लावून उभं राहा लागे, तवा कुठी कानापर्यंत आवाज पोचे.

पलीकडून कॉलेजचा बाबू बोलत होता. "दंत महाविद्यालयातून बोलतोय. तुमचं नाव प्रतीक्षा यादीत आहे. हा नंबर बरोबर आहे ना?"

"हाव जी. बरोबर आहे."

"सीट रिकामी झाली की याच नंबरवर फोन येईल. लक्ष ठेवा."

फोन कटला. मी रिसीव्हर आत दिला. काकूंनी तो नुसत्या हातात नाही घेतला. फडक्यात धरला. आधी बोलायची जाळी पुसली, मंग कानाची बाजू, मंग पुन्हा जाळी. माझ्यासमोर. लपवून करावं असंही त्याईले वाटलं नाही, अन् मले तेच जास्त लागलं.

साहेब झोपाळ्यावर पेपर वाचत होते. "कसला फोन?"

"हिला म्हणे दातांची डॉक्टर करतायत," काकू म्हणल्या.

साहेब हसले. पेपर खाली केला अन् माझ्याकडे पाहून म्हणले, "अगं पण लोकांनी तोंड तर उघडलं पाहिजे ना तुझ्यासमोर! कोण घालू देईल तोंडात हात?"

काकू हसल्या. मीही हसली. हसा लागते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असाच असते, वरून हसरा. मागच्या नळावर माझी माय त्याईचे भांडे घासत होती. तिचा राखेचा हात एकदम थांबला. मंग पुन्हा चालू झाला, पहिल्यापेक्षा जोरात.

आताच्या पोट्ट्याईले पी.पी. नंबर म्हणजे काय हे समजावून सांगा लागते. ज्याच्या घरी फोन नाही त्यानं फॉर्मवर दुसऱ्याच्या घरचा नंबर टाकायचा अन् पुढे कंसात पी.पी. लिहायचं. म्हणजे फोन याच्या घरी, माणूस त्याच्या घरचा. फोन आला की त्या घरच्यानं हाक मारून बोलवायचं. आमच्या अख्ख्या पुऱ्यात तवा एकही फोन नव्हता. नाल्याच्या अलीकडे आमचा बौद्धपुरा, पलीकडे आर्णीची पेठ, अन् पेठेच्या पुढं बाबू लोकाईची आळी. साहेबांच्या घरात तीन पिढ्यांपासून कचेरीची नोकरी. माय तिथं भांडे घासे म्हणून मायनंच विचारलं होतं, "पोरीच्या फॉर्मवर तुमचा नंबर टाकू काय जी?" काकू हाव म्हणल्या होत्या. अन् मंग गल्लीतल्या प्रत्येक बाईले सांगत फिरल्या होत्या की आमच्या भांडेवालीच्या मुलीसाठी आम्ही फोन दिला.

दिवस कापसाच्या पडतीचे होते. भाव पडलेला, जिनिंगचा भोंगा महिनोन्‌महिने वाजे नाही. महागावकडून, ढाणकीकडून रोज शेतकऱ्याईचं काहीतरी वाईट ऐकू ये. माझा बा बाजार समितीत हमाल. गाठोडंच आलं नाही तं हमालानं काय उचलावं? सकाळी हूक खांद्याले अडकवून जाये अन् दुपारी तसाच परत ये. ओसरीत बसून गालाले हात लावे. त्याची दाढ दुखे.

त्या दाढेचीच गोष्ट. मी शाळेत असताना बाचा गाल असा सुजला की डोळा मिटला. सरकारी दवाखान्यात दातांची खुर्ची होती, डॉक्टर नव्हता. मंग बाजाराच्या दिवशी एक दात काढणारा बसे, समोर फडक्यावर लोकाईचे दात मांडून, त्याच्यापाशी गेला. त्यानं पकड घातली, गुडघा छातीवर ठेवला अन् दात उपटला. चांगला दात उपटला. किडका तसाच राह्यला. बा रक्त थुंकत घरी आला अन् हसून मायले म्हणला, "गरिबाच्या तोंडात कोण टॉर्च मारून पाहते वं?" माय हसली नाही. मी तं त्या दिवसापासून ठरवूनच टाकलं. टॉर्च मी मारीन.

ठरवलं तं अभ्यास केला. बारावी झाली, प्रवेश परीक्षा झाली. फॉर्म द्याले मी अन् बा लाल गाडीनं शहरात गेलतो. कॉलेजच्या काउंटरवर जाड भिंगाचा एक बाबू होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं नीट समजावून सांगतलं. पहिली यादी बोर्डावर लागते अन् पेपरात येते. ज्याईचं नाव प्रतीक्षा यादीत, त्याईले फक्त फोन. कोणी सीट सोडली की पुढच्या नावाले फोन करायचा, त्यानं दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत कागदं घेऊन हजर व्हायचं. नाही आला, नाही म्हणला, की त्याच्या पुढचा.

"पत्र नाही येत काय जी?" मी विचारलं होतं.

"पत्र पोचेपर्यंत सीट थांबते का, बाई? फोनच." अन् माझ्या फॉर्मवरच्या नंबराखाली त्यानं लाल रेघ मारली.

पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत होतं, अगदी वरच्या अंगाले. म्हणजे फोन येणारच. आज नाही तं उद्या.

मंग मी काकूंच्या मागच्या पायरीवर बसाले लागली. माय सकाळी भांड्याले जाये, मी तिच्यासोबत जाये अन् माय परत गेली तरी मी तिथंच. काकू म्हणत, "नुसती काय बसतेस, तूर निवड." तूर निवडली. "शेंगा फोड." फोडल्या. लसूण सोलला, गोवऱ्या रचल्या, मागचं अंगण झाडलं. आत फोन वाजला की मी पायरीवरून उठून उभी राहे. कधी साहेबांच्या पुण्याच्या पोराचा, कधी राँग नंबर. मले पाणी लागलं तं नळाले ओंजळ. आतल्या माणसाईचे आवाज ये, हसणं ये, टीव्हीवरची मालिका ऐकू ये. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. दिवसभरात मी एक वाक्य बोले. "फोन आलता काय जी, काकू?"

पुऱ्यातल्या माझ्या बरोबरीच्या पोरी निंदणाले जात. संध्याकाळी भेटल्या की म्हणत, "काय डाक्टरीण बाई, आला का फोन?" चिडवतच होत्या, त्यात वाईट काही नव्हतं. पण मी त्याईच्यासोबत शेतात जात नव्हती अन् काकूंच्या घरात मले कोणी घेत नव्हतं. मी त्या पायरीवरची झाली होती. ना इकडची ना तिकडची.

भादवा आला. काकूंच्या घरी महालक्ष्म्या बसत. आमच्या भागात हा मोठा सण. घर धुवून निघते, सोवळं कडक. काकूंनी मायले आधीच बजावलं, "तीन दिवस भांडी गल्लीत ठेवीन, तिथूनच घेऊन जा. आणि पोरीला पाठवू नकोस. मागेसुद्धा नको."

"अन् फोन आला तं जी?" मायनं विचारलं.

"आला तर निरोप देईन. मी काही पळून चालले नाही."

मी घरी बसली. नाल्याच्या काठावर उभी राहून त्या आळीकडे पाहत राहे. मुखवटे बसल्याचे घंटानाद ऐकू ये. पुरणाचा वास नाल्याच्या अलीकडेही ये, त्याले कोणी अडवलं नव्हतं. बा म्हणे, "येईन वं निरोप. माणसं आहेत तेही." मी हाव म्हणे. रडाले ये, पण कायले रडून राह्यली हे सांगता ये नाही म्हणून नाही रडली.

महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच मी पायरीवर हजर.

"फोन आलता काय जी, काकू?"

काकू तांब्याचे भांडे पुसत होत्या. मान वर केली नाही. "कुठला गं फोन? आला असता तर सांगितलं नसतं का?"

मी पुन्हा बसली. पुन्हा तूर, पुन्हा लसूण. फोन काही येईना. मंग एक दिवस पेपरात वाचलं की कॉलेजचे वर्ग सुरू झाले. कागदं पिशवीत टाकली अन् सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाली. एकटी. बाले सोबत यायचं होतं, पण त्या दिवशी कितीक दिवसांनी बाजार समितीत एक ट्रक लागलता. मीच म्हणलं, तू जा.

काउंटरवर तोच जाड भिंगाचा बाबू. मी नाव सांगतलं. त्यानं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं अन् माझ्याकडे नवल करून पाह्यलं.

"तुम्हाला फोन केला होता की. मीच केला होता. तुम्ही नको म्हणालात."

"मी?"

"तुमच्या घरून. बाई बोलल्या. म्हणाल्या, तिला सीट नको आहे, तिची परिस्थिती नाही, पुढच्याला देऊन टाका. मी दोनदा विचारलं, नक्की ना? म्हणाल्या, नक्की."

माझ्या कानात भोंगा वाजला. जिनिंगचा वाजे तसा.

"ते माझ्या घरचे नव्हते, सर. तो पी.पी. नंबर आहे."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बाई, फोनवर पी.पी. दिसत नाही. आम्ही नंबर लावतो, जो उचलतो तो घरचा. नंबर तर तुम्हीच दिलाय."

खोटं काय बोलला तो? नंबर मीच दिलता. माझ्या अक्षरात होता. माझं हाव का नाही हे मी माझ्याच हातानं दुसऱ्याच्या घरात ठेवून आलती.

"आता?"

"आता सगळ्या सीट भरल्या. पुढच्या वर्षी या."

मी बाहेर नोटीस बोर्डाखाली जाऊन बसली. पांढऱ्या कोटातले पोट्टे-पोट्ट्या येत-जात होते. एका पोरीच्या हातात प्लास्टरचा जबडा होता, पुरे बत्तीस दात. ती तो जबडा उघडून-मिटून मैत्रिणीसमोर बोलल्यासारखा करत होती, अन् दोघी खिदळत होत्या. माझ्याच वयाची. तिच्यात अन् माझ्यात बोर्डाची एक काच अन् एक फोन. तिनं माझ्याकडे पाह्यलं नाही. पाहावं असं तिथं काही नव्हतंच.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा भेटली. दोन्ही बाजूले कापसाचे वावरं. बोंडं धरलेली. शेजारची बाई म्हणली, "काहून वं बाई, कोणी गेलं काय?" मी म्हणलं, "हाव." यवतमाळपर्यंत मंग ती काही बोलली नाही. माझ्यासाठी गप्प बसणारं तेवढंच माणूस त्या दिवशी भेटलं.

आर्णीच्या स्टँडवर उतरली. घरी नाही गेली. नाला नाही ओलांडला. सरळ बाबू आळीत. अन् मागच्या पायरीकडे नाही वळली. समोरच्या फाटकातून आत गेली, तुळशीपाशून, झोपाळ्यापाशून. जल्मात पहिल्यांदा. चप्पल काढली अन् ओसरीत उभी राह्यली.

"अगं, मागून ये ना," काकू आतून म्हणल्या.

"नाही."

काकू बाहेर आल्या. साहेबांनी पेपर खाली केला.

"माझ्या नावानं कॉलेजले नाही कोण म्हणलं?"

काकू गडबडल्या नाहीत. खोटं सापडलं म्हणून शरमतील असं मले वाटलं होतं. कायची शरम! उलट त्याईचा आवाज मऊ झाला, लहान लेकराले समजावतात तसा.

"मी म्हणाले. तुझ्याच भल्यासाठी. चार वर्षं, पाच वर्षं कोण पोसणार तुला तिथे? तुझ्या बापाला काम नाही. तुझी आई माझ्या दारात भांडी घासते. अर्ध्यावर सोडून आली असतीस तर जास्त दुखलं असतं. आणि ऐक, मी सोवळ्यात होते त्या दिवशी. फोनला हात लावायचा नव्हता मला. तरी लावला. तुझ्यासाठी पुन्हा आंघोळ केली."

आरं बाप्पा! पुन्हा आंघोळ केली. माझं आयुष्यभराचं नुकसान करून त्या बाईले वाटत होतं का मी तिचे आभार मानावे, दोनदा नाहल्याबद्दल.

"मले विचारलं काहून नाही?"

"विचारून तू काय सांगणार होतीस? हट्टच केला असतास."

"मंग करू द्यायचा होता."

"आवाज खाली," साहेब म्हणले. मंग ते उठले. फोनपाशी गेले. रिसीव्हर उचलला अन् गजातून नाही, समोरासमोर, माझ्याकडे नुसता धरला. "रागावू नकोस. झालं ते झालं. कॉलेजात माझ्या ओळखीचा माणूस आहे. पुढच्या वर्षासाठी बोलून ठेवतो. तू फक्त हो म्हण. बाकी मी पाहतो. त्यात काय एवढं?"

खरं सांगते, हात पुढे गेला माझा. गेला होता. ओळख म्हणजे काय असते हे गरिबाले बरोबर समजते. एका फोनात जे होते ते आमच्या सात पिढ्यांत होत नाही. रिसीव्हर माझ्या बोटांपासून एवढ्या अंतरावर होता. पुसलेला, चकचकीत.

अन् मले दिसलं. हा फोनही त्याईचाच. हाव म्हणलं तरी तेच म्हणतील, नाही म्हणलं तरी तेच. मी आपली गजाले गाल लावून उभी. जलमभर.

"ठेवा तो खाली," मी म्हणलं.

"काय?"

"ठेवा. माझं मी बोलीन. तुमच्या घरचा नंबर माझ्या नावापुढं यापुढं राहणार नाही. अन् काकू, तुम्ही माझं भलं नका करू. तुमचं भलं लय महाग पडलं मले."

साहेब म्हणले, "माज आला हिला." काकू म्हणल्या, "आईला सांगते तुझ्या." मी चप्पल घातली अन् समोरच्याच फाटकातून बाहेर पडली.

तुम्हाले वाटत असन, पुऱ्यात गेली तं लोकाईनं खांद्यावर घेतलं असन. नाही घेतलं. बा सारं ऐकून गालाले हात लावून बसला. त्याची दाढ पुन्हा दुखत होती. मंग म्हणला, "बोलली ते बरोबर बोलली. पण आता आपल्या बाजूनं कोण?" शेजारच्या बाया म्हणल्या, एवढं मोठं घर तोडलं पोरीनं. माय चुलीपाशी गेली. चूल पेटवली, भाकरी थापल्या, मले वाढलं.

अन् दुसऱ्या दिवशी सकाळी माय उठून पदर खोचून निघाली. त्याच घरी. भांडे घासाले.

"माय, तू बी?"

माय दारात थांबली. "तुह्यानं नाही म्हणणं झालं, बाई. माह्यानं नाही होत अजून. तू माह्यावर रागावू नको." अन् नाल्याकडे निघून गेली. मी तिच्यावर रागावली नाही. पण त्या दिवसाइतकी एकटी मी त्या पायरीवरही नव्हती. पायरीवर बसताना निदान वाटे का माय माझ्यासोबत आहे.

ते वर्ष मी निंदणं केलं, कापूस वेचला, बोटं बोंडांनी फाडून घेतली अन् संध्याकाळी पुस्तकं काढली. पोरींनी डाक्टरीण म्हणणं बंद केलं. कोणी चिडवत नाही तवा समजावं का लोकाईनं आशा सोडली.

पुन्हा परीक्षा दिली. पुन्हा तोच शिक्का, प्रतीक्षा यादी. पुन्हा ते काउंटर, तो जाड भिंगाचा बाबू. त्यानं मले ओळखलं.

"फोन नंबर?"

"नाही."

"पी.पी.?"

"तोही नाही."

"मग कळवायचं कसं तुम्हाला?"

"कळवू नका. मी इथंच बसते."

त्याले वाटलं मी गंमत करून राह्यली. मी बोर्डासमोरच्या बाकावर जाऊन बसली. शहरात मावसबहिणीची खोली होती, रात्री पाठ टेकायपुरती. सकाळी ऑफिस उघडायच्या आधी मी बाकावर, ऑफिस बंद झालं की उठायचं. शिपाई म्हणे, "बाई, असं कोणी बसत नाही इथं." मी म्हणे, "मी बसते." काचेच्या आत बाबू फोन फिरवे. कोणाच्या तरी घरी घंटी वाजत असन, कोणी तरी दिवाणखान्यात बसल्या बसल्या उचलत असन, आईले हाक मारत असन. मी पाहत राहे. इथं ना तूर निवडायची होती, ना लसूण सोलायचा. नुसतं आपल्या नावासाठी बसायचं होतं. एकटीच होती, पण कोणाच्या दारात नव्हती.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी बाबू स्वतः बाहेर आला. रजिस्टर छातीशी. जमिनीकडे पाहत म्हणला, "यंदा यादी तुमच्यापर्यंत आली नाही."

"माझ्याकडे पाहून सांगा, सर."

त्यानं पाह्यलं. जाड भिंगाच्या मागं त्याचे डोळे मोठे अन् थकलेले होते.

"नाही झालं, बाई."

ऐकलं. माझ्या कानानं ऐकलं, फडक्यानं न पुसलेलं. लागलं, लय लागलं. स्टँडवरच्या नळाखाली तोंड धुता धुता हमसून रडली, अन् कोणी विचारलं नाही काहून म्हणून. पण त्याच्या आधी, तिथंच बाकापाशी, मी त्याले विचारलं होतं, "पुढच्या वर्षीचे फॉर्म कधी मिळतात?"

तो म्हणला, "पुन्हा?"

पुन्हा. अन् फोनचा रकाना पुन्हा रिकामा. कॉलेजले मले नाही म्हणायचं असन तं म्हणावं, हजारदा म्हणावं. माझ्या तोंडावर म्हणावं. पण माझ्याकडून जे 'नाही' जाईन, ते ना साहेबांच्या ओसरीतून जाईन, ना काकूंच्या सोवळ्यातून, ना कोणाच्या दयेतून. ते माझ्याच तोंडून जाईन.

अन् मी ते अजून म्हणलं नाही.